जुन्नर पहिल्यांदा बघायला जाताय? एसटीने, दोन दिवसांत, घोळ न घालता

माझं पहिलं जुन्नर म्हणजे निव्वळ फजिती होती. सकाळी पुण्याहून निघालो, शिवनेरी चढलो-उतरलो, धावतपळत लेण्याद्रीचा गणपती केला आणि रात्री जेवायला घरी. ऑफिसात सांगितलं, जुन्नर झालं आपलं. तिथला एक सहकारी मूळचा ओतूरकडचा, तो म्हणाला नाणेघाट बघितला का, म्हटलं नाही, तो म्हणाला मग काय बघितलंस, शेपूट बघून हत्ती बघितला म्हणतोस होय. तेव्हा राग आला होता पण माणूस बरोबर बोलला होता. त्यानंतर मी चार वेळा गेलोय, एकदा आईबाबांना घेऊन, एकदा नागपूरच्या मावसभावाबरोबर, आणि प्रत्येक वेळी काही ना काही चुकलंय. ते चुकलेलं सगळं खाली आहे, तुम्ही नका चुकू.

आधी एकच गोष्ट डोक्यात ठेवा, मग बाकीचं आपोआप जागेवर बसतं. जुन्नर तिथे आहे कारण नाणेघाट तिथे आहे. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल कल्याणवरून सह्याद्री चढून वर यायचा तो या घाटाने, आणि वर आल्यावर पहिली मोठी बाजारपेठ जुन्नर. व्यापारी आले म्हणून पैसा आला, पैसा आला म्हणून भिक्षूंसाठी लेणी कोरली गेली, आणि पुढे त्याच वाटेवर नजर ठेवायला शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन असे किल्ले उभे राहिले. गावात आजही कल्याण पेठ नावाची पेठ आहे, आता बोला. म्हणून मी सांगतो तो क्रम उलटा वाटेल, सगळे शिवनेरीपासून सुरू करतात, आपण घाटापासून करायचं.

१. कधी जायचं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी, डोळे झाकून. सकाळी थंडी कडाक्याची असते, स्वेटर घ्या.

पावसाळ्यात नाणेघाट भारी दिसतो, उलटं उडणारं पाणी वगैरे, पण शनिवार-रविवारी तिथे गाड्यांच्या रांगा लागतात आणि धुकं असं असतं की समोरचा कठडा दिसत नाही, तर गुहेतली अक्षरं काय दिसणार. तुम्हाला भिजायचंच असेल तर जा, पण मग इतिहास बघायला परत यावं लागेल. एप्रिल-मे मध्ये लेण्याद्रीच्या पायऱ्या तव्यासारख्या तापतात, आईबाबांना मी एप्रिलमध्येच नेलं होतं, त्यावर अजून घरात बोलणी खातोय.

१९ फेब्रुवारीला शिवजयंती. शिवनेरीवर त्या दिवशी जाणं हा एक वेगळाच अनुभव आहे, ज्योत घेऊन पळत येणारी पोरं, ढोल, भगवे झेंडे, अंगावर काटा येतो. पण किल्ला बघायचा असेल तर तो दिवस नाही. तिथीने, म्हणजे फाल्गुन वद्य तृतीयेलाही गर्दी असते हे लोक विसरतात, कॅलेंडर बघून घ्या.

वार सांगायचा तर शनिवार-रविवार धरा, कारण रविवारी जुन्नरचा आठवडे बाजार असतो.

२. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं फार नाहीत, पण जी आहेत ती विसरू नका.

- आधार किंवा दुसरं कुठलंही फोटो ओळखपत्र, प्रत्येकाचं. लॉजवर प्रत्येकाचं मागतात, एकाचं देऊन भागत नाही.
- परदेशी पासपोर्टवाला पाहुणा बरोबर असेल (माझ्या मावसभावाची बायको तशी) तर तिचा मूळ पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड. परदेशी नागरिक मुक्कामाला आला की लॉजवाल्याला त्याची माहिती कळवणारा सरकारी फॉर्म भरावा लागतो, लोक त्याला सी फॉर्म म्हणतात. छोटे लॉजवाले त्या कटकटीला घाबरून सरळ नाही म्हणतात, आम्हाला दोन ठिकाणी नाही म्हणाले, तेही रात्री आठ वाजता. आधीच फोन करून विचारा.
- रोख पैसे, सुट्टे. युपीआय गावात सगळीकडे चालतं पण घाटघरकडे रेंज आली तर आली.
- नकाशा ऑफलाइन डाऊनलोड करून. वरच्याच कारणासाठी.
- बॅटरी, म्हणजे टॉर्च. मोबाईलचा उजेड लेण्यांच्या आतल्या खोल्यांत पुरत नाही.
- माणशी दोन लिटर पाणी, टोपी, पकड असलेले बूट. चप्पल घालून शिवनेरी होतो, नाणेघाट नाही.
- काठी. माकडांसाठी, मारायला नाही, नुसती हातात दिसायला.

अत्तर, डिओ, सेंट काही मारून जाऊ नका. हे मी गमतीत सांगत नाहीये, खाली किल्ल्याच्या वेळी येतंच.

३. पोचायचं कसं

पुण्याहून जुन्नर साधारण नव्वद किलोमीटर. एसटी शिवाजीनगरची, पण गेली काही वर्षं ती वाकडेवाडीहून सुटते, त्यामुळे घरून निघताना आत्ता कुठून सुटतेय ते विचारून निघा, जुन्या माणसांना विचारलं की ते अजून जुनीच जागा सांगतात. थेट जुन्नर मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर ताटकळत बसू नका, नाशिककडे जाणारी कुठलीही गाडी पकडा आणि नारायणगावला उतरा, फक्त ती नारायणगावला थांबते ना हे कंडक्टरला चढण्याआधी विचारा. तिथून जुन्नर पंधरा किलोमीटर, एसटी आणि वडाप (शेअर जीप) दोन्ही.

मुंबई-ठाण्याकडून येणाऱ्यांनी कल्याण-मुरबाड-माळशेज घाट करून यावं. रस्ता सुंदर आहे, पावसाळ्यात दरडीच्या बातम्या बघून निघायचं. या रस्त्यावर घाटाच्या पायथ्याच्या आधी वैशाखरे गाव लागतं, नाणेघाट पायी चढणारे तिथेच उतरतात. दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी जसा चढला तसं चढायचं असेल तर तो मार्ग, पण पहिल्याच खेपेला आणि सामान घेऊन नको.

स्टँडवर उतरलात की रिक्षावाले घेरतात, "शिवनेरी-लेण्याद्री-ओझर पॅकेज" असं म्हणत. घाई करू नका. आधी चहा प्या.

४. मुक्काम

जुन्नर गावातच रहा. महामार्गावरची हॉटेलं चकाचक असतात पण मग सकाळी सातला किल्ल्याच्या पायथ्याशी पोचणं होत नाही. गावात साधे लॉज आहेत, लेण्याद्रीला आणि ओझरला देवस्थानांचे भक्तनिवास आहेत, कुटुंब असेल तर तिथे राहिलेलं बरं. भक्तनिवासात सुट्टीच्या दिवशी, आणि चतुर्थीला तर विशेषच, खोली मिळत नाही.

एक सूचना, जरा गंभीर. जुन्नर तालुका बिबट्यांचा आहे. उसाची शेतं आहेत, आणि बिबटे उसातच राहतात, माणिकडोहला तर खास बिबट्या निवारा केंद्र आहे. अंधार पडल्यावर मळ्यातल्या रस्त्याने एकट्याने चालत फिरायला जायचं नाही, लहान मुलांना तर अजिबात सोडायचं नाही. स्थानिक माणसं हे सांगताना हसत नाहीत, तुम्हीही हसू नका.

५. पहिला दिवस: नाणेघाट

शनिवारी सकाळी लवकर निघून दहाच्या आत जुन्नरला पोचा, लॉजवर बॅगा टाका आणि लगेच पश्चिमेकडे निघा. जुन्नर ते घाटघर साधारण तीस किलोमीटर, आपटाळे-चावंड करत. एसटी आहे पण दिवसाला मोजक्याच फेऱ्या, आणि इथेच माझा सगळ्यात मोठा घोळ झाला होता. जाताना एसटीने गेलो, कंडक्टरने परतीची वेळ सांगितली, मी नीट ऐकली नाही, फोटो काढत बसलो आणि घाटघरला आलो तर गाडी गेलेली. संध्याकाळचे साडेपाच, रेंज नाही. शेवटी एका दुधाच्या पिकअपमध्ये कॅनच्या मध्ये बसून आपटाळ्यापर्यंत आलो, त्या दादांनी पैसे घेतले नाहीत, उलट घरी नेऊन चहा पाजला. माझं नशीब चांगलं म्हणून, तुम्ही नशिबावर जाऊ नका. चौघंजण असाल तर जुन्नरहून जीप किंवा रिक्षा ठरवूनच घ्या. ठरवताना तीन गोष्टी आधी बोलायच्या: जाऊन-येऊन किती, तिथे थांबायचे किती तास, आणि वाटेत कुठे कुठे थांबायचं. शेवटचं बोलला नाहीत की प्रत्येक थांब्याचे वेगळे पैसे.

वाटेत थांबायचं ते पूर गावात, कुकडेश्वराला. कुकडी नदी उगम पावते ती इथे, आणि जुनं दगडी शिवमंदिर आहे, कोरीवकाम बघण्यासारखं. अर्धा तास पुष्कळ झाला. डावी-उजवीकडे चावंड दिसत राहतो, किल्ला चढायची हौस असेल तर तो वेगळा दिवस ठेवा. १८१८ साली इंग्रजांनी या भागातल्या किल्ल्यांच्या वाटा सुरुंग लावून फोडल्या, चावंडला आता रेलिंग आहे म्हणून नवखा माणूस जाऊ शकतो, जीवधनला मात्र माहितगार बरोबर असल्याशिवाय नाही म्हणजे नाही. (जीवधनचं नाव लक्षात ठेवा तरी, निजामशाहीचा शेवटचा लहानगा वारस इथल्या कैदेतून शहाजीराजांनी सोडवला आणि पेमगिरीला नेऊन गादीवर बसवला.)

नाणेघाटात गेल्यावर आधी दिसतो तो दगडी रांजण. जकातीची नाणी यात टाकायचे असं सगळे सांगतात. खरं-खोटं काय ते असो, रांजण मोठा आहे आणि लोक त्यात चिप्सची पाकिटं टाकतात, जकात म्हणावी तर तीही अशी.

तिथून खिंडीतून थोडं खाली उतरलं की गुहा. दिसायला साधी चौकोनी खोली. बहुतेक लोक आत जाऊन सेल्फी काढून पाच मिनिटांत बाहेर येतात कारण काय बघायचं हेच माहीत नसतं. तर बघायचं असं.

डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षं जुना, सातवाहन राणी नागनिकेचा, लेखात तिचं नाव नायनिका असं येतं. नवरा सातकर्णी राजा. त्यांनी केलेल्या यज्ञांची यादी आहे, अश्वमेध, राजसूय वगैरे, आणि प्रत्येक यज्ञात किती दक्षिणा दिली त्याचा हिशोब, एका ठिकाणी १७०० गायी आणि १० हत्ती. आकडे कोरलेत, शब्दांत नाही तर अंकांत, आणि भारतातले इतके जुने अंक फार थोड्या ठिकाणी आहेत. मला हे फार आवडतं, म्हणजे राणीने जगाला सांगायची गोष्ट कोरायला राजवाड्यात नाही तर जकातनाक्यावर जागा निवडली, जिथून प्रत्येक व्यापारी जाणारच. आजचा बॅनरवाला हेच करतो, चौकात लावतो.

मागच्या भिंतीवर पुतळे होते. आता फक्त पावलं उरलीत, पण वर नावं आहेत: सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि सातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रनकयिरो आणि आणखी काही. महारठी हा शब्द इथे बघा आणि मग महाराष्ट्र शब्दाबद्दल पंडितांचे वाद ऐका, मजा येते.

अक्षरं ओळखायची एक युक्ती देतो, पोरांना घेऊन जाणार असाल तर फारच उपयोगी. ब्राह्मीतला क म्हणजे अधिकचं चिन्ह. र म्हणजे उभी रेघ. न म्हणजे आडव्या रेघेवर उभी काठी. ग म्हणजे घराचं छप्पर. ठ म्हणजे नुसतं गोल, गोलात टिंब असेल तर थ. एवढ्या सहावर भिंतीवर चार-पाच ठिकाणी तरी बोट दाखवून ओरडता येतं. बोट लांबून दाखवा. अक्षरांवर हात फिरवायचा नाही, खडूने उठाव द्यायचा नाही, पाणी मारायचं नाही. दगड आधीच झिजलाय.

गुहेच्या वरच्या बाजूला जो कडा आहे तो नानाचा अंगठा. टोकाला जाऊन पाय सोडून बसलेले फोटो तुम्ही पाहिले असतील, तसं करू नका, वारा जोराचा असतो आणि कठडा सगळीकडे नाही. खाली कोकण पसरलेलं दिसतं, हवा स्वच्छ असेल तर त्यातून येणारी जुनी पायवाटही.

चार वाजता परत निघा. उजेड असेल आणि गाडीवाल्याशी बोलणं झालं असेल तर येताना तुळजा लेणी. जुन्नरच्या पश्चिमेला पाडळीच्या बाजूला, गावापासून चार-पाच किलोमीटर. इथलं चैत्यगृह, म्हणजे भिक्षूंचं प्रार्थनेचं लेणं, गोल आहे: मधे स्तूप, भोवती बारा खांबांचं रिंगण, वर घुमटासारखं छत. अशी गोल रचना लेण्यांत फार क्वचित दिसते. गर्दी शून्य. दोन पोरं आणि एक शेळी एवढेच होते आम्ही गेलो तेव्हा.

६. दुसरा दिवस, पहाट: शिवनेरी

सहाला उठा, साडेसहाला रिक्षा, सातला चढायला सुरुवात. गाडीरस्ता पायऱ्यांच्या पायथ्यापर्यंत जातो. दोन वाटा आहेत, ही पायऱ्यांची आणि दुसरी गावाच्या बाजूने लेण्यांजवळून जाणारी साखळीची. साखळीच्या वाटेने जाऊ नका, कितीही शूर मावळे बरोबर असले तरी. कातळ सरळ आहे.

पायऱ्यांच्या वाटेने एकामागून एक सात दरवाजे लागतात. चढ दमवणारा नाही, माझी आई पासष्टीला थांबत थांबत तासाभरात चढली. वाटेत शिवाई देवीचं देऊळ, महाराजांचं नाव या देवीवरून ठेवलं असं मानतात. वर अंबरखाना, म्हणजे धान्याचं कोठार, मग गंगा-जमुना टाकी, कातळातली, पाणी थंडगार. ही टाकी नुसती पाण्याची सोय म्हणून बघू नका, किल्ल्याच्या पोटातल्या लेण्यांतल्या भिक्षूंच्या काळापासून या डोंगरांवर टाकी खोदली जातायत. लेखांत त्यांना पोढी म्हटलंय. इरिल नावाच्या एका यवनाने, यवन म्हणजे इथे ग्रीक, दोन पोढ्या दान दिल्याचा लेख जुन्नरच्या लेण्यांत आहे. कुठला ग्रीस आणि कुठलं जुन्नर, पण परत तेच, घाट.

मग शिवकुंज, जिजाऊ आणि बाल शिवबा यांचा पुतळा, आणि पुढे जन्मस्थानाची इमारत. १९ फेब्रुवारी १६३०. चपला बाहेर काढा, आत गोंधळ घालू नका, एवढं तर सांगावं लागू नये पण लागतं. पुढे बदामी तलाव आणि उत्तर टोकाला कडेलोट, तिथे जपून.

एक गोष्ट गडावर फारसं कुणी सांगत नाही. जिथे जन्मले तो हा किल्ला महाराजांना हयातीत कधीच मिळाला नाही. मुलूख मोगलांकडे गेला. १६५७ मध्ये महाराजांनी जुन्नर शहर लुटलं, रात्री शिड्या लावून तट ओलांडून, पण वरचा किल्ला हाती आला नाही तो नाहीच. जन्मस्थानासमोर उभं राहून हे आठवलं की त्या इमारतीकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातं, निदान माझ्याकडून.

आता मधमाश्या. कड्यांना आग्या मोहळाची पोळी असतात. सिगारेट, फटाके, धूर, उग्र वास, ड्रोनची घरघर, यातल्या कशानेही त्या उठतात आणि मग पळायला जागा नसते, एकीकडे कातळ, एकीकडे दरी. म्हणून अत्तर नको म्हटलं. माश्या उठल्याच तर हात झटकायचे नाहीत, तोंड कापडाने झाकून शांतपणे लांब व्हायचं. आणि ड्रोन परवानगीशिवाय उडवताच येत नाही, तो घरीच ठेवा.

साडेदहापर्यंत खाली या.

७. दुपार: बाजार, जेवण, गाव

रविवारचा बाजार. भाज्या ताज्या आणि आदिवासी पट्ट्यातून आलेल्या मावश्या बसलेल्या असतात, त्यांच्याकडे मोसमात रानभाज्या, करवंदं, हिरडा असं काय काय. भाव फार पाडू नका, डोक्यावर पाटी घेऊन लांबून आलेल्या असतात.

जेवायला मासवडी-रस्सा मागा. नावात मास आहे पण शाकाहारी आहे, बाबांनी पहिल्यांदा घाबरून ताट ढकललं होतं. बेसनाच्या उकडीत तीळ, सुकं खोबरं, लसणाचं सारण भरून वड्या पाडतात, झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी. कुठल्या हॉटेलात चांगली ते मी सांगणार नाही, आचारी बदलतो आणि मग शिव्या मला. स्थानिक माणसं जिथे बसलीत तिथे बसा. ताजी करायला वेळ लागतो, आधी ऑर्डर द्या आणि मग बाजार फिरा.

पोटभर झालं की पेठांतून जरा पायी फिरा. जुने लाकडी वाडे अजून काही उभे आहेत. अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी १४७० च्या आसपास पावसाळ्यात इथे अडकून पडला होता, बरोबर विकायला आणलेला घोडा, तो इथल्या खानाने काढून घेतला आणि धर्म बदल मग देतो म्हणाला. घोडा शेवटी परत मिळाला, आणि त्याने सगळं लिहून ठेवलं, पाऊस-चिखलासकट. म्हणजे जुन्नरला येऊन फजिती होणारा मी काही पहिला नाही. पुढे १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाही उभी केली ती जुन्नरहूनच, अहमदनगर नंतर. जुन्नरी कागदही एके काळी नावाजलेला होता.

वेळ असेल तर हापूसबागेतला सौदागर घुमट. मोठी, देखणी, चौकोनी इमारत, बाहेरून कोरीव पट्ट्या, आणि आसपास शेती. कुणी हबशी घुमट म्हणतं. आत कोणाची कबर यावर वेगवेगळं ऐकायला मिळतं. कबर आहे हे लक्षात ठेवून बोला-वागा एवढंच.

मानमोडी डोंगरावरची लेणी ज्यांना खरंच आवड आहे त्यांच्यासाठी. तीन गट आहेत, भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग. नहपान क्षत्रपाचा, म्हणजे शक राजाचा, अमात्य अयम याचा वर्ष ४६ चा (आपलं इसवी सन नव्हे, तेव्हाच्या कालगणनेचं) लेख इथलाच, त्यानेही मंडप आणि पोढी दान दिली. वाट झुडपातून आहे, दिशा चुकते, आणि बहुतेक वेळा तुम्ही एकटेच असता. जुन्नरभोवती सगळी मिळून दोनशेच्या वर लेणी आहेत, सगळी बघायची म्हटली तर नोकरी सोडावी लागेल.

८. तीननंतर: लेण्याद्री

गावापासून पाचेक किलोमीटर, गोळेगावजवळ, कुकडी ओलांडून. रिक्षा मिळते.

लोक इथे हमखास चिडतात ते तिकिटावरून. हा अष्टविनायकातला गणपती आहे पण तो बसलाय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या बौद्ध लेण्यात, त्यामुळे दर्शनालाही तिकीट लागतं. मी गेलो तेव्हा भारतीयांना २५ रुपये होतं, १५ वर्षांखालच्या मुलांना नाही. परदेशी पासपोर्टवाल्यांना बरंच जास्त. खिडकीवरच्या माणसाशी "देवाला कसलं तिकीट" म्हणून भांडू नका, तो रोज शंभर वेळा हे ऐकतो.

पायऱ्या तीनशेच्या आसपास. डोली मिळते, ज्येष्ठ माणसं असतील तर लाज न बाळगता करा, पण दर खालीच ठरवा, येण्या-जाण्याचा मिळून. माकडं पिशवी ओढतात, प्रसादाचं ताट हातात उघडं धरून चढलात तर ते तुमचं राहत नाही. चष्मा सांभाळा.

वर सुमारे तीस लेणी एका ओळीत आहेत. सातव्यात गिरिजात्मज. मूळचा हा विहार आहे, भिक्षूंची राहण्याची जागा, एवढा मोठा सभामंडप आणि मधे एकही खांब नाही. बाजूने ज्या छोट्या खोल्या आहेत त्यात भिक्षू राहायचे, आत बसायला दगडी ओटे आहेत ते बघा. लोक रांगेत उभं राहून डोळे फक्त मूर्तीकडे ठेवतात आणि ज्या खोलीत उभे आहेत ती बघतच नाहीत. मूर्ती पाठमोरी आहे असं मानतात.

दर्शन झालं की बाहेर पडून शेजारच्या सहाव्या लेण्यात जा. हे चैत्यगृह आहे, खांबांच्या दोन रांगा, वर हत्ती-बैलांची शिल्पं असलेले खांबांचे माथे, टोकाला स्तूप. गणपतीला शेकडो माणसं आणि इथे, भिंतीपलीकडे, कोणी नाही. बॅटरी काढा. दाराच्या वरचा लेख शोधा, आणि शेवटी देयधम अशी अक्षरं येतात का बघा, म्हणजे दान. जुन्नरच्या बऱ्याच लेखांत हा शब्द सापडतो: अमक्याने दिली पोढी, तमक्याने दिलं लेणं.

ओझरचा विघ्नेश्वर इथून चौदा किलोमीटर, अष्टविनायक करणारे तिकडे जातात. नवस असेल तर जा, नाहीतर ही घाई कशाला, मी तरी लेण्याद्रीच्या वरच्या ओट्यावर बसून समोरचं जुन्नर आणि शिवनेरी बघत बसेन. खाली उतरायला सांगेपर्यंत.

९. परत

रविवारी संध्याकाळी जुन्नरहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या भरून येतात, कॉलेजची पोरं सगळी परतत असतात. आरक्षण होत असेल तर करा. नाहीतर लेण्याद्रीहून उतरून सरळ नारायणगाव गाठा, नाशिककडून येणाऱ्या गाड्या मिळतात. उभं राहायची तयारी ठेवा. नारायणगावच्या स्टँडवर वाट बघत बसायची पाळी आलीच, आणि दिवस गुढीपाडव्याच्या आधीचे असतील, तर तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला आलेले असतात. विठाबाई नारायणगावकरांचं गाव आहे हे. मी तिथे एक तास घालवला आणि दोन गाड्या सोडल्या, त्या मात्र मुद्दाम.